जगदेवानं पाणी गाळलं

जगदेव गोटे मूर्ख होता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मूर्ख माणसाला गाव सांभाळून घेतं, दोन शब्द सुनावतं आणि हाताला धरून वाटेला लावतं. जगदेव शहाणा होता. निदान त्याची तशी खात्री होती, आणि ती त्यानं इतक्या वेळा बोलून दाखवली होती की वाद घालायचा कंटाळा येऊन गावानं ती मान्य करून टाकली होती.

शेलूबाजारच्या अलीकडे, मोटरच्या रस्त्यापासून कोसभर आत आमचं गाव. जगदेवची काळी जमीन, एक चांगली बैलजोडी, कापूस आणि ज्वारी. खाऊनपिऊन सुखी माणूस. वय चाळिशीच्या आत, मिश्या भरघोस, आवाज मोठा. नवीन काहीही समोर आलं की त्याचा एकच शब्द ठरलेला होता. "पाहू." गावात लोखंडी नांगर आला तेव्हा तो "पाहू" म्हणाला. सगळ्यांची रानं नांगरून झाली, सगळ्यांची पिकं कमरेला लागली, मग यानं नांगर घेतला, आणि ज्यानं गावात पहिल्यांदा नांगर आणला होता त्याच्याच शेताच्या धुऱ्यावर जाऊन त्याला नांगर कसा धरावा ते शिकवून आला. असला माणूस.

त्याची बायको तुळसाबाई शिरपूरची. कमी बोलणारी, कामाला वाघीण. जगदेव बोलायचा आणि ती करायची. संसार बरा चालला होता तो यामुळे.

गावाला पाणी एकाच ठिकाणचं. मारुतीच्या देवळाखाली जुनी बारव होती. चिरेबंदी पायऱ्या थेट पाण्यात उतरत. बायका उतरायच्या, पाय धुवायच्या, तिथेच घागर बुडवायच्या. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत यायचं, उन्हाळ्यात तळाला जायचं आणि हिरवं व्हायचं. आणि दर उन्हाळ्यात गावात नारू निघायचा. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला आधी निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, मग फोड यायचा, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो कापसाच्या पऱ्हाटीच्या बारीक काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, महिनाभर बाजेवर पडून राहायचं. लोक म्हणायचे उष्णता आहे. कुणी म्हणायचं देवीचं करणं आहे. नवल कुणालाच वाटत नव्हतं. जसा आंब्याला मोहर, तसा माणसाला नारू.

बावन्न साली गावात देवी डॉक्टर आला. मुलांना देवी टोचत गावोगाव फिरणारा सरकारी माणूस, खांद्याला पेटी, पायांवर धूळ. त्यानं टोचण्याचं काम उरकलं आणि पारावर माणसं जमवून एका काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी आणायला लावलं. पेला उन्हात धरला.

"हे बघा. बारीक ठिपके उड्या मारताहेत, दिसतात का?"

दिसत होते. वाकून पाहिलेल्या प्रत्येकाला दिसले.

"याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. तुम्ही पाणी पिता, ते तुमच्या पोटात जातं. आत वाढतं आणि वर्षभरानं पायातून बाहेर येतं. कसलंही स्वच्छ, दाट विणीचं फडकं दोन पदरी करा आणि पाणी गाळून प्या. आणि ज्याला नारू निघालाय त्यानं तो पाय बारवेत घालू नका. पाण्यात पाय गेला की नारू तिथे पिल्लं सोडतो."

काहींच्या तोंडावर विचार दिसायला लागला होता. जगदेवला ते सहन झालं नाही. दुसऱ्या कुणी लोकांना विचार करायला लावावं हे त्याला कधीच सहन होत नसे.

"डॉक्टरसायेब," तो म्हणाला, "पोटात गेलेला किडा पायातून निंगते म्हनता? मंग आमी रोज भाकर खातो. टाचेतून ज्वारी उगवली पायजे."

पार हसला. डॉक्टरही कसनुसा हसला. जगदेवला जोर चढला.

"मह्या बापानं याच बारवंचं पानी पेलं. अंशी वर्सं जगला."

बाप ऐंशी वर्षं जगला हे खरं होतं. त्यातले किती उन्हाळे तो बाजेवर पाय धरून ओरडत होता, हे सांगायला पारावर कुणी उभं राहिलं नाही. डॉक्टरनं पेला ओतून टाकला, पेटी उचलली आणि तो पुढच्या गावाला गेला.

तुळसाबाई देवळाच्या भिंतीआड उभी राहून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "आमच्या शिरपूरले शेजारच्या जैनाइच्या घरी गाळल्याबिगर पानी घागरीत पडत नाई. त्याइचं पाहून माही मायही गाळे. आमच्या घरी कोनाले नारू मी पाह्यला नाई."

"मंग?"

"मंग मी गाळत जाऊ म्हनते."

लग्न होऊन आली तेव्हाही तिनं एकदा हे काढलं होतं. तेव्हा सासूनं विचारलं होतं, आमच्या पाण्यात काय घाण आहे? आता सासू नव्हती, पण तिचा मुलगा होता.

"आमी काय जैन हाव काय?" जगदेव म्हणाला. "थो त्याइचा धरम. अन् मी पारावर एवढं बोलून आलो, आता मह्याच घरी पानी गाळतं म्हनल्यावर लोकं हासतीन का नाई?"

खरं कारण हे होतं. बाप, धर्म, टाचेतली ज्वारी हे सगळं वरचं होतं.

पुढच्या वैशाखात तुळसाबाईच्या घोट्याला आग सुरू झाली.

ती दोन दिवस तशीच कामाला गेली. तिसऱ्या दिवशी उभं राहता येईना. फोड फुटला, दोरा निघाला, काडीला गुंडाळला, आणि घरातली चूल थंड झाली. आता पाणी कोण आणणार? जगदेव. भाकरी कोण थापणार? जगदेव. भर दुपारी, बारवेवर बाई नसताना, हा गडी घोंगडीखाली घागर लपवून पायऱ्या उतरायचा. जसा काही चोरीचा माल. भाकऱ्या अशा करायचा की बैलांनी त्या पाहून तोंड फिरवावं. आणि बाजेवरून तुळसाबाईनं एकदा "मीठ घाला" म्हटलं तर म्हणायचा, "मले ठाव हाय."

त्या बाजेपाशी बसल्याबसल्या जगदेव विचार करायला लागला.

माणूस विचार करायला लागला की सुधारला असं ज्यांना वाटतं, त्यांनी जगदेवचा विचार पाहायला हवा होता. त्यानं सगळा पावसाळा विचार केला. कापूस वेचून घरी येईपर्यंत विचार केला. पारावर बसून तो म्हणायचा, "त्या देवी डॉक्टराच्या बोलन्यात काही तरी दम हाय म्हनतो मी." जणू डॉक्टरच्या बाजूनं पहिल्या दिवसापासून एकटा तोच भांडत होता. मग दुसरी बाजूही तोच मांडायचा. गाळल्यावर पाण्याचा कस जातो का? शेतात प्यायचं पाणी कोण गाळणार? पाहुणा आला आणि त्याला ते आवडलं नाही तर? एका संध्याकाळी तो ज्या ठिकाणी विचार सोडायचा, दुसऱ्या संध्याकाळी तिथूनच उलटा चालत मागे यायचा.

तांड्यावरचा रूपला त्याच्या शेतात सालभर कामाला होता. तूर कापताना जगदेवनं त्यालाही हे ऐकवलं.

"दम हाय तं गाळा ना मालक," रूपला म्हणाला.

"असं घाईनं होत नाई रूपला. कोन्तीबी गोष्ट इचारानं केली पायजे."

"इचार करा. पन इचार करता करता पानी तं थेच पेऊन राह्यले ना तुमी."

जगदेवनं त्याला धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काम करायला पाठवलं.

फाल्गुनात, होळीच्या सुमारास, त्यानं एकदाचं ठरवलं. आणि ठरवलं म्हणून सगळ्या गावाला सांगत फिरला. ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसून, "मी आता पानी गाळूनच पेनार." ऐकणाऱ्याला वाटावं काशीला निघाला आहे. मग मुहूर्ताची गोष्ट निघाली. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर नवे माठ येतात, पितरांच्या नावानं पाणी भरतात. तोच दिवस धरायचा. नवी घागर, नवं फडकं, नवी सुरुवात.

"अन् अखजीवरक?" तुळसाबाईनं विचारलं.

"तवरक जसं चालू हाय तसं."

"मी आजपासून माह्या पदरानं गाळते. त्याले काय मुहूर्त लागते?"

"हात लावू नोको. एक डाव सुरू करू तं नीट करू. अर्धवट काम मले चालत नाई."

चैत्र लागला. बारव तळाला गेली. पाणी डोळ्यांनी दिसेल इतकं हिरवं झालं, आणि नीट काम करणारा हा माणूस मुहूर्ताची वाट पाहत तेच पाणी तांब्या तांब्या पीत राहिला. मध्यंतरी तो शेलूबाजारच्या बाजारातून मांजरपाट घेऊन आला. कापड चांगलं निघालं. इतकं चांगलं, की ते घागरीच्या तोंडाला बांधणं त्याच्या जिवावर आलं. शिंप्याकडे टाकून त्यानं त्याची बंडी शिवून घेतली आणि पुढच्या बाजाराला पुन्हा गेला.

अखजीला त्यानं ओट्यावर घागर मांडली. नारळ फोडला. गल्लीतल्या माणसांना बोलावलं. मांजरपाट दोन पदरी करून घागरीच्या तोंडावर ताणून धरलं आणि वरून पाणी ओतलं. फडक्यावर हिरवट गाळ राहिला तो सगळ्यांना फिरवून दाखवला. ती पहिली घागर त्यानं गाळली. त्यानंतरच्या सगळ्या तुळसाबाईनं.

आता जगदेवला कोण आवरणार? कुणाच्या घरी गेला आणि पाणी पुढे आलं की हात वर करून म्हणायचा, "नोको. तुमी घान पेता." लग्नाच्या पंगतीत म्हणायचा, मर्तिकाला गेल्यावरही म्हणायचा. घरून बाटलीत पाणी घेऊन निघायचा आणि चार माणसांत, गळ्याची घाटी वरखाली करत, सावकाश प्यायचा.

शेजारी मनकर्णाबाई राहायची. विधवा, एकटी. थोडं रान होतं ते स्वतः राबायची, उरलेले दिवस दुसऱ्याच्या निंदणाला जायची. तिच्या मनात गाळण्याचं आलं. ती ओट्याखाली येऊन उभी राहिली आणि विचारलं, "जगदेवभाऊ, मह्या जुन्या लुगड्याचा तुकडा चालन का?"

डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, कसलंही स्वच्छ, दाट फडकं. जगदेव मात्र आता डॉक्टरच्या पुढे गेला होता.

"जुन्या लुगड्यानं कुठं होते? त्याले मांजरपाट लागते. अन् दोन. एक धुतलं का एक. उगंच कायतरी करून मंग म्हनसान का नारू निंगला."

आतून तुळसाबाई म्हणाली, "चालते वं बाई, स्वच्छ धून घे." पण मनकर्णाबाईनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही जगदेवचा आवाज मोठा म्हणून तेच खरं मानलं. मांजरपाट तिच्याकडे नव्हतं. ती घरी गेली आणि पहिल्यासारखीच घागर भरायला लागली.

वर्ष उलटलं. पुन्हा चैत्र आला, आणि जगदेवच्या पोटरीला आग सुरू झाली.

"काटा मोडला असन," तो म्हणाला. सुईनं काटा शोधला. नव्हता. मग म्हणाला मुंगी चावली. फोड आला तेव्हा म्हणाला गळू आहे. फोड फुटून पांढरा दोरा बाहेर आला तेव्हा मात्र म्हणायला काही उरलं नाही, आणि माणसाला म्हणायला काही उरलं नाही की तो चिडतो. त्यानं घागरीच्या तोंडाचं फडकं ओढून काढलं.

"सालभर गाळलं! नारळ फोडला! काय भेटलं? लबाड हाय थो डॉक्टर, अन् लबाड हाय हे फडकं!"

तेच फडकं त्यानं पोटरीला गच्च बांधलं.

"अखजीच्या आंधीच्या पान्याचा असन," तुळसाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हने वर्सभरानं निंगते."

"तुले कोनं इचारलं?"

आग काही कमी होईना. नारूची आग पाण्यात पाय घातला की थंडावते. किड्यालाही तेच हवं असतं. जगदेव लंगडत बारवेवर गेला, पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसून पोटरीपर्यंत पाय पाण्यात सोडला. बायका घागरी घेऊन वरच्या पायऱ्यांवर थांबल्या. तुळसाबाई धावत आली.

"अवो, नारूचा पाय पान्यात नोका घालू. सारं गाव पेते हे पानी."

"आग मह्या पायाले लागली हाय का गावाच्या?"

"वर तरी या. मी घागर आनून पायावर वतते."

"जाय घरी."

तो उठला नाही. पोरासोरांना दम देऊन गप्प करणारी गावातली मोठी माणसं वरून पाहून गेली. जगदेवला कोण बोलणार, तो शहाणा होता. दुपार झाली, घरोघर पाणी संपलं. बायका किती वेळ उभ्या राहणार? मनकर्णाबाई उतरली. त्याच्या पायाच्या बाजूला घागर बुडवली, भरली, डोक्यावर घेतली आणि चढून गेली. तिच्या मागून बाकीच्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी जगदेव पुन्हा तिथेच बसला होता.

धीर हा गुण त्याच्याकडे फक्त बोलताना असायचा. काडीला रोज थोडा गुंडाळायचा तो दोरा त्यानं एका सकाळी दात ओठ खाऊन एकदम ओढला. दोरा तुटला. उरलेला आत गेला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. पू झाला, ताप चढला. मिरगाच्या पेरणीला जगदेव बाजेवर बरळत होता. पेरणी रूपला आणि तुळसाबाईनं मिळून केली, आणि गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती इतकी सरळ केली.

देवी डॉक्टर त्या पावसाळ्यात गावात आला तेव्हा त्याला घरी बोलावलं. त्यानं जखम धुतली, पट्टी बांधली. जगदेवनं पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्यावर ओरडला. गाळूनही नारू कसा निघाला?

"गाळायला कधी लागलात?"

"मागच्या सालच्या अखजीले."

"आणि त्याच्या आधी महिनाभर, चैत्रात?"

दारातून तुळसाबाई म्हणाली, "मुहूर्त पाह्यत होते."

डॉक्टरनं पट्टीची गाठ मारली. "मागच्या चैत्रात पोटात गेला तो या चैत्रात निघाला. गाळणं खोटं नाही. तुम्हाला उशीर झाला."

आता तरी? आता सगळं कळलं होतं, समोर पायही पडला होता. दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी फडकं मागितलं असतं. जगदेव भिंतीकडे तोंड करून झोपला आणि भिंतीलाच म्हणाला, "पाहू."

तुळसाबाईनं त्याचं पाहणं संपायची वाट पाहिली नाही. त्यानं फडकं काढून टाकलं त्याच दिवशी तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा धुऊन दोन पदरी केला होता आणि माजघरातल्या रांजणावर बांधला होता. तिनं त्याला विचारलं नाही. तो बाजेवर पडून जे दिलं ते पीत होता.

पुढचा उन्हाळा आमच्या गल्लीनं कधी विसरला नाही. घराघरात नारू. एकेका घरात दोघं-तिघं आडवे. शेतं वखरायला माणूस मिळेना. जगदेवच्या घरी मात्र कुणाला काही झालं नाही. जगदेव काठी घेऊन चालायला लागला होता. पाय थोडा आखडला तो आखडलाच. ओट्यावर बसून तो जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, "एक डाव निंगला का रगत पक्कं होते मानसाचं. आता मह्या अंगात नारू शिरत नाई." तुळसाबाई आत ज्वारी निवडत असायची. ती ऐकायची आणि निवडत राहायची.

मनकर्णाबाईला नारू निघाला तो गुडघ्याशी, सांध्यालाच. पाय आखडून ती दारात पडलेली असायची. शेजारच्या बायका आळीपाळीनं भाकर आणून द्यायच्या. एका सकाळी जगदेव काठी टेकत तिच्या दारात गेला. मदत करायला नव्हे. सल्ला द्यायला.

"तानू नोको बरं मनकर्णा. मी तानला तं पाहाय काय झालं. धीर धरला पायजे. मानसानं नेहमी इचारानं—"

"जगदेवभाऊ."

तिचा आवाज मोठा नव्हता. तापानं ओठ सुकले होते. पण दारात चार बायका होत्या आणि सगळ्यांनी ऐकलं.

"मी तुमाले लुगड्याचं इचारलं. तुमी म्हनलं मांजरपाट लागते. मह्यापाशी नव्हतं, मी गाळलं नाई. मंग तुमी बारवंत पाय घालून बसले. तुमच्या पायाच्या बाजूले मी घागर बुडवली, थे पानी मी पेली. हा मह्या गुडघ्यातला नारू तुमचा हाय." तिनं काडीला गुंडाळलेला दोरा दाखवला. "घेऊन जा."

जगदेव काठी टेकत मागे वळला. बायका त्याच्याकडे पाहत होत्या. तो जाईपर्यंत पाहत राहिल्या.

घरी येऊन तो चुलीपाशी बसला. म्हणाला, "आपल्या घरी काहून नाई निंगला?"

तुळसाबाईनं रांजणाकडे बोट केलं. फडकं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, वर्षभर होतं.

"गाळून देऊन राह्यली ना मी. एक डावही चुकली नाई."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी पुन्ना मुहूर्त पाह्यला असता."

त्यानं मान खाली घातली. रक्त पक्कं झाल्याचं त्यानंतर तो कधी बोलला नाही. काही दिवस पारावर गेला नाही, ओट्यावर बसला नाही. घरातल्या घरात काठी वाजवत फिरायचा. काय चाललं होतं त्याच्या मनात ते त्यालाच माहीत. लाज वाटत असावी. वाटायला हवीच होती, आणि दोन वर्षं आधी वाटली असती तर गल्लीतल्या निम्म्या बाजा रिकाम्या राहिल्या असत्या.

मग एका सकाळी लोकांनी पाहिलं, जगदेव गोटे, घोंगडी नाही, काही नाही, उघड्यावर घागर खांद्याला लावून लंगडत बारवेवर निघाला आहे. पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. पाय पाण्यात जाऊ न देता त्यानं वाकून पाणी काढलं, खांद्यावरचं उपरणं दोन पदरी करून घागरीच्या तोंडावर धरलं आणि गाळलं. नारळ नव्हता, बोलावलेली माणसं नव्हती. ती घागर त्यानं मनकर्णाबाईच्या दारात नेऊन ठेवली.

गाव हसलं. ज्या हसण्याला भिऊन यानं हे सगळं रामायण केलं, तेच हसणं. बारवेवर बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पारावर माणसं उघड हसली. त्यानं हसू दिलं. एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

तो साधू झाला असं मात्र कुणी समजू नये. पावसाच्या दिवसांत कंटाळून तो न गाळलेली घागर तशीच रांजणात ओतायला निघायचा. तुळसाबाई काही न बोलता ती उकिरड्यावर नेऊन रिकामी करायची आणि रिकामी घागर त्याच्या हातात द्यायची. तो बडबडत पुन्हा बारवेवर जायचा. असं दोन-चार वेळा झालं, मग कमी झालं, मग थांबलं. मनकर्णाबाईच्या दारात मात्र घागर चुकली नाही. दिवाळीपर्यंत तिला चालता येत नव्हतं, तोवर रोज सकाळी तो ठेवून यायचा. ती पाणी प्यायची. त्याच्याशी बोलायची नाही. गुडघा पुढे कधी वाकला नाही. जात्यावर बसायची तरी एक पाय लांब करून बसायची. पाणी प्यायली म्हणून माफ केलं असं नसतं, हे जगदेवला कळत होतं की नाही कोण जाणे, पण घागर ठेवून तो दारात थांबायचा नाही.

अठ्ठावन्न साली ग्रामसेवकानं सभा घेतली. बारवेच्या पायऱ्या दगडांनी बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, म्हणजे पाण्यात कुणाचा पाय जाणार नाही. श्रमदान गावानं करायचं. कुरकुर सुरू झाली. पायऱ्या जुन्या आहेत, देवळाच्या आहेत, बापजाद्यांनी बांधल्या आहेत. जगदेव उठला. सगळ्यांना वाटलं आता हा "पाहू" म्हणणार.

"बुजवा," तो म्हणाला. "अखजीची वाट पाहू नोका, उद्यापासून बुजवा."

इथे तो बसला असता तर त्या दिवशी आम्ही त्याला मोठा माणूस म्हटलं असतं. पण माणसं ऐकत आहेत हे त्याच्या लक्षात आलं. तो बोलत राहिला. नारू कसा होतो, पाणी कसं गाळावं, फडकं कसं दोन पदरी धरावं, आणि हे सगळं त्यानं स्वतः किती विचार करून शोधून काढलं. देवी डॉक्टर बोलण्यातून गेला. तुळसाबाई तर त्यात आलीच नव्हती. सभेच्या कडेला बसलेली मनकर्णाबाई हात टेकून उठली आणि आखडलेला पाय ओढत सगळ्यांच्या समोरून चालू पडली. जगदेवनं तिला जाताना पाहिलं. वाक्य अर्धं राहिलं. तो खाली बसला.

पायऱ्या त्याच उन्हाळ्यात बुजल्या. जगदेव रोज आला. उभं राहवत नव्हतं म्हणून बसून दगड पुढे सरकवत राहिला, आणि प्रत्येक दगड कुठे बसवायचा तेही सांगत राहिला. गवंड्यानं एकाही ठिकाणी त्याचं ऐकलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावातला नारू ओसरला.

जगदेव म्हातारा होईपर्यंत रहाटाचं पाणीही गाळूनच प्यायला. त्या बाबतीत पुन्हा कधी घसरला नाही. घरी पाहुणा आला की त्याला रांजणापाशी नेऊन फडकं दाखवायचा आणि म्हणायचा, गावात पाणी गाळायची अक्कल पहिल्यांदा मलाच आली. तुळसाबाई तेवढ्यात पाहुण्यासाठी तांब्या भरून आणायची, त्याच्या हातात द्यायची, आणि जगदेवचं बोलणं संपायच्या आत शेताकडे निघून जायची.